बटनाला नाव द्या

कार्ड मीच केलं होतं. इकडे हिंदी मुलखात, रांझीत माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. नेत्यांच्या वाढदिवसापासून कोचिंग क्लासच्या उद्‌घाटनापर्यंत सगळं मी छापतो. तेव्हा मेहुणीच्या पुण्यानुमोदनाचं, आम्हा बौद्धांतल्या दिवसकार्याचं, कार्ड दुसऱ्याकडून करून घेणं धंद्याला शोभलं नसतं. फिकट निळा रंग, कोपऱ्यात कमळ, मधोमध सुजाताताईंचा फोटो, खाली दिवस, वेळ, विहाराचा पत्ता... अक्षरांना बारीक सावलीसुद्धा दिली. ताईंनीच काढलेला एक ग्रुप होता, 'बोलती मंडळी' नावाचा. त्यात आम्ही घरचे आणि त्यांचे शिक्षक मित्र, बरेचसे त्यांच्यासारखेच अंध. त्या ग्रुपवर मी कार्ड टाकलं आणि काम चोख झालं म्हणून चहा मागवला. संध्याकाळी कुंडमहून रामसजीवन भैयाचा फोन आला. तो तिथल्या शाळेत शिकवतो, जन्मापासून अंध आहे, ताईंना सख्ख्या बहिणीसारखा मानायचा.

"जीजाजी, आपने ग्रुप पे कुछ भेजा है। मेरा फोन तो बस 'इमेज' बोल रहा है। शादी-ब्याह है क्या घर में?"

तोच पुढे म्हणाला, "और दीदी कहाँ हैं? बिना लिखे फोटो आ गया और दीदी ने डाँटा नहीं। तबियत तो ठीक है?"

ताईंना जाऊन तेव्हा तीन-चार दिवस झाले होते. नातेवाइकांना आम्ही फोन केले होते, शाळेला कळवलं होतं. पण त्यांच्या जिवाभावाच्या माणसांना ती बातमी मी चित्रात बंद करून पाठवली होती, सावलीच्या अक्षरांत. मी सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा। तो फोटो में ये लिखा था।"

आता थोडं त्यांच्याबद्दल. सुजाताताई म्हणजे माझी बायको करुणा हिची थोरली बहीण. त्यांचे बाबा भंडाऱ्याकडून इथल्या फॅक्टरीत नोकरीला आले, आणि दोघी बहिणींचं सगळं बालपण रांझीच्या क्वार्टरमध्ये गेलं. गोवरात ताईंचे डोळे गेले तेव्हा त्या इतक्या लहान होत्या, की पाहिलेलं काही त्यांच्या आठवणीत नव्हतं. बाबा त्यांना सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसवून शाळेत नेत, आणि वाटभर जे दिसेल ते बोलत जात. 'समोरून बस येऊन राहिली, लाल आहे, दाराले लोक लटकले आहेत. आता पेरूवाला. पेरू आज छोटेच आहेत.' त्यामुळे ताईंना आयुष्यभर असं वाटत राहिलं, की ज्याला दिसतं त्यानं सांगायचं असतं. त्यात उपकार नाही, दया नाही, घरी आलेल्याला पाणी विचारण्यासारखी ती साधी रीत आहे. माझं स्थळ आलं तेव्हा फोटो सगळ्या घरात फिरला. ताईंनी करुणेला विचारलं, "फोटोत काय आहे?" करुणेनं दिलेलं उत्तर त्यांनी लग्नानंतर मला मुद्दाम ऐकवलं: "कान मोठे आहेत, सदरा मित्राचा वाटून राहिला, अन् हसणं बळजबरीचं आहे." तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

पुढे त्या इतिहास शिकवायला लागल्या, सरकारी शाळेत. राहायला आमच्याच घरी. हातात साधा फोन, त्यात पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, एका कानात इअरफोन. दुसरा कान जगासाठी मोकळा. तो फोन इतक्या वेगानं बोलायचा, की आम्हाला कढईत मोहरी तडतडावी तसं ऐकू यायचं. ताईंना एकूण एक शब्द समजायचा. मला त्यांनी एकदा शिकवलं होतं, "जवाईबापू, बोट ठेवलं की हा सांगते बोटाखाली काय आहे. तेच पाहिजे असन तर दोनदा टिचकी मारा. एकदा मारून काही होत नाही, आपल्या सरकारी ऑफिसासारखं आहे हे." फोनला कुलूप नव्हतं. मी म्हटलं, चोरीला गेला तर? म्हणाल्या, "जाऊ द्या ना. चोर येडा होईन."

माझ्या दुकानावर त्या अधूनमधून यायच्या, स्टुलावर बसायच्या, आणि छापून वाळत टाकलेला प्रत्येक फलक मला वर्णन करायला लावायच्या. मी एकेका नेत्याच्या मिशा, हात जोडण्याची तऱ्हा, खालची कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यांची रांग सांगत सुटायचो. त्या हसून म्हणायच्या, "बाप्पा! अक्षरांची चित्रं करून विकता तुम्ही. माह्या फोनचे पक्के दुश्मन आहा."

हे सगळं हसण्यावारी होतं, तोवर तो कोर्स आला. शिक्षकांसाठी सक्तीचं ऑनलाइन प्रशिक्षण. विषय ऐका... अपंग मुलांना वर्गात सामावून कसं घ्यावं! ताई खूश झाल्या. म्हणाल्या, "चलो, शेवटी कोणाले तरी सुचलं." रविवारी चहा घेऊन कोर्स उघडला, आणि फोन बोलायला लागला: "बटन. बटन. इमेज. बटन. बटन." कोणतं बटन पुढे नेणारं, कोणतं मागे, कोणतं बाहेर काढणारं, काही नाही. जो माणूस असं बटन करतो त्यानं त्यामागे दोन शब्द लिहायचे असतात, 'पुढे जा', 'उत्तर द्या', एवढंच. डोळसाला ते दिसतही नाहीत, पण ताईंचा फोन तेच वाचतो. माझ्यासारख्या फ्लेक्सवाल्यालाही जमेल असं काम. ते कोणी केलंच नव्हतं. व्हिडिओतली बाई गोड आवाजात म्हणे, "जैसा कि आप इस चित्र में देख रहे हैं..." आणि पुढे चित्राबद्दल अवाक्षर नाही. सात-आठ रविवार झटून त्या शेवटच्या चाचणीपर्यंत पोचल्या. तिथे प्रश्न काय, तर चित्रं बोटानं ओढून योग्य चौकटीत टाका. एक चित्र व्हीलचेअरचं होतं, एक पांढऱ्या काठीचं. करुणेनं ते वाचून दाखवलं तेव्हा ताईंची पांढरी काठी दाराशीच टेकवलेली होती.

मला आजही ते आठवलं की चहा कडू लागतो. आंधळ्या मुलाला कसं शिकवावं हे आंधळ्या शिक्षिकेला शिकवायला निघालेल्यांनी तिच्यासाठी दारच ठेवलं नव्हतं! आणि याची लाज कोणालाही नव्हती. हेल्पलाइनवरच्या मुलीनं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "मैडम, वीडियो में देख लीजिए, स्टेप बाय स्टेप दिखाया है।" तक्रार लिहायची तर फॉर्मआधी चित्रातली तिरकी अक्षरं ओळखा. ती ओळखून तक्रार गेली, म्हणजे करुणेनं ओळखली, तेव्हा कुठे उत्तर आलं. तेही सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो काढून. फोन म्हणाला, "इमेज." ताई आधी खूप हसल्या. मग इअरफोन काढून मांडीवर ठेवला.

शाळेत रोज एकच सल्ला: "दीदी, किसी से क्लिक करवा लो ना।" शाळेच्या ग्रुपवर आठवड्याला यादी येई, पूर्ण केलेल्यांची नावं हिरवी, राहिलेल्यांची लाल. अर्थात तीही फोटोच. आपलं नाव लाल आहे हे ताईंना दुसऱ्यांकडून कळायचं. हळूहळू लालमध्ये त्या एकट्याच उरल्या. एका मास्तरनं तर चहा पिता पिता, व्हिडिओ न पाहता, सगळं दाबून टाकलं होतं, तो हिरवा. शहाणपणा करून मीही म्हणालो, "ताई, आणा इकडे, मी करून देतो." त्यांनी मान माझ्या दिशेनं वळवली.

"काहून? मले येत नाही म्हणून?"

"तसं नाही जी..."

"मग उद्या वर्गावर बी तुम्हीच जा. चाकू घ्या हातात, खडू समजून." माझ्या हाती फ्लेक्स कापायचा चाकू होता, तो मी खाली ठेवला. "जवाईबापू, मी केलं तर 'पूर्ण' म्हणा. तुम्ही केलं तर त्याईले वाटन, कोर्स बरोबर आहे, आंधळी बाई बी करून राहिली. माह्या मागून येणाऱ्या पोरीले कोण क्लिक करून देणार आहे?"

मग त्यांनी आणि रामसजीवन भैयानं एक केलं. कोर्स उघडून फोन काय बोलतो ते आवाजात टिपलं. फोन म्हणे "बटन", ताई म्हणत, "कौन सा बटन, भैया? नाम तो होगा बेचारे का?" ऐकताना हसून पोट दुखायचं आणि नंतर कुठेतरी दुसरीकडेच दुखायचं. ते रेकॉर्डिंग त्यांनी वरपर्यंत पाठवलं. उत्तर आलं, फोनवर, स्वतः शिक्षण खात्याच्या साहेबांचं: "आप तो प्रेरणा हैं, मैडम!" आणि दिव्यांग दिनाच्या कार्यक्रमात सत्काराचं बोलावणं.

त्याचा फलक छापायचं काम फिरत फिरत माझ्याच दुकानात आलं, यालाच नशीब म्हणतात. 'अंधकार से प्रकाश की ओर'. मधे ताईंचा फोटो. काम घेऊन आलेला माणूस म्हणाला, "भैया, एक काला चश्मा लगा दो। ऐसे तो पता ही नहीं चलता।" ताईंनी जन्मात काळा चष्मा लावला नव्हता. मी त्यांना फोन केला. म्हणाल्या, "लावा, लावा. त्याईले मी आंधळी दिसली पाहिजे ना." स्टेजला पाच उंच पायऱ्या, कठडा नाही, माझा खांदा धरून त्या वर गेल्या. साहेब शाल घेऊन पुढे आले तशा त्या माइकवर म्हणाल्या, "शाल रहने दीजिए, साहब, ठंड नहीं लग रही। बटनों के नाम रख दीजिए।" सगळ्या मंडपानं टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "क्या हौसला है!" आणि शाल घातलीच. बटनांना नावं काही मिळाली नाहीत. टाळ्या वाजवायला हात लागतात, ऐकायला कान. त्या दिवशी मंडपात हात फार होते.

पुढच्याच हिवाळ्यात एका सकाळी छातीत दुखतंय म्हणाल्या, आणि दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचल्या नाहीत. लाल नाव लालच राहिलं.

पुण्यानुमोदनाला रामसजीवन भैया कुंडमहून बसनं आला. या वेळी त्याला मी पत्ता बोलून पाठवला होता. आणि त्यानंतर काही दिवसांनी ताईंच्या शाळेचे बाबू घरी आले. भला माणूस, डोळे पुसले, ताईंची आठवण सांगितली, चहा घेतला. मग खुर्ची जरा पुढे ओढून म्हणाले, "भैया, एक छोटा सा काम था। दीदी का वो कोर्स अधूरा है। बस उन्हीं की वजह से स्कूल सौ प्रतिशत नहीं हो रहा। फोन दे देते, तो मैं अभी क्लिक कर देता। उनकी आत्मा को भी शांति मिलेगी।"

मी धंदेवाईक माणूस. समोरच्यानं 'छोटा सा काम' म्हटलं की माझ्या तोंडून आपोआप 'हां हां' निघतं. तसंच निघालं. ताईंच्या खोलीत गेलो. खिडकीशी त्यांची वेताची खुर्ची, खुर्चीवर फोन, वायरचा नीट गुंडाळा केलेला इअरफोन. करुणा फोन रोज चार्ज करते, कशासाठी ते मी विचारलेलं नाही. मी फोन आणून बाबूंच्या हातात दिला. करुणा दारात उभी राहिली. मला तिच्याकडे पाहवेना.

बाबूंनी कोर्स उघडायला बोट लावलं, आणि फोन तडतडला. दचकले. पुन्हा बोट लावलं. "बटन." पुन्हा. "बटन." जोरात दाबलं. "बटन." दोन्ही डोळे शाबूत, चष्म्याचा नंबरही नवा, समोर पडदा लख्ख, आणि काही म्हणता काही उघडेना. "अरे, ये तो बस बटन-बटन बोल रहा है!" कपाळावर घाम आला त्यांच्या. "भैया, ये चलता कैसे है?"

मला माहीत होतं. ताईंनीच शिकवलं होतं. मी म्हटलं, "क्या पता बाबूजी, दीदी ही जानती थीं।"

ते फोन परत देऊन गेले. मी तो खुर्चीवर जिथल्या तिथे ठेवला. छाती अशी फुगली होती की सांगता सोय नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं तरी छोटं काम मी केलं नव्हतं. त्या भरात त्या खुर्चीचा फोटो काढला आणि 'बोलती मंडळी'वर टाकून दिला.

करुणेनं कपबशा उचलल्या. "दोनदा टिचकी मारायची असते, ठाऊक होतं ना तुम्हाले?"

"होतं."

"मग सांगितलं काहून नाही?"

मी नुसता हसलो. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं ग्रुप पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. लग्नापासून 'अहो'शिवाय दुसरी हाक न मारलेली माझी बायको, थेट ताईंच्या आवाजात म्हणाली, "फोटोत काय आहे, जवाईबापू?"

मी निमूट लिहायला बसलो. ती मागे उभी राहून सांगत होती, "लिहा, ताईची खुर्ची आहे. खुर्चीवर तिचा फोन आहे." मग थोडं थांबून म्हणाली, "अन् फोन चालू आहे, ते बी लिहा."