तीन सल्लागार आणि एक नणंद

माझी वहिनी विद्यापीठात मुलांना सल्ला देते आणि त्याचा पगार घेते, हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. "सल्ला काय, आम्ही पण देतो की, फुकट!" असं ती म्हणायची. आणि द्यायचीही, येता-जाता, कुणी मागो न मागो. दोघींच्या सल्ल्यात फरक एवढाच, की आई बोलत सुटायची आणि वहिनी समोरच्याला बोलायला लावते.

तिची पद्धत सांगते. विद्यापीठाच्या ग्रंथालयामागे मोडक्या फर्निचरची एक खोली होती. वहिनीने वरिष्ठांच्या मागे लागून लागून ती मिळवली, झाडून पुसून घेतली आणि तिथे विद्यार्थी मदत केंद्र उघडलं. त्या ढिगाऱ्यातलीच एक चाकांची खुर्ची तिने ठेवून घेतली. तिचं एक चाक अडकतं, त्यामुळे ती सारखी डावीकडे वळते. ही खुर्ची सल्लागाराची, पण वहिनी तिच्यावर कधीच बसत नाही. नापास झालेला, रडवेला, शिक्षण सोडायला निघालेला जो कुणी येईल त्याला ती खुर्चीवर बसवते, स्वतः समोरच्या स्टुलावर बसते आणि म्हणते, "आता तू सल्लागार आणि मी तू. हं, मी रसायनशास्त्रात उडालोय. वडिलांना सांगायची हिंमत नाही. बोला, काय करू?" पोरगं आधी हसतं, मग चिडतं, आणि चिडून जे बोलतं ते बहुतेक वेळा बरोबर असतं. आमच्या घरी या खुर्चीची भरपूर टिंगल चालते. दादाशी भांडण झालं की वहिनी म्हणते, "ये, तू मी हो, मी तू होते." दादा म्हणतो, "मी मीच राहतो बाई, मला जेवू दे."

पण ही खुर्ची उगाच आलेली नाही. वहिनी स्वतः पहिल्या वर्षातच शिक्षण सोडून घरी आली होती. घरात कुणी मारलं नव्हतं की अडवलं नव्हतं. वर्गात शिकवलेलं समजेना, आणि समजत नसेल तर कुणाला तरी विचारायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं, बाकी सगळ्यांना समजतंय, म्हणजे आपणच मठ्ठ. लग्नानंतर दादाने डोकं खाऊन खाऊन तिला परत पाठवलं. माझा भाचा कडेवर असताना तिने पदवी घेतली आणि नंतर त्याच विद्यापीठात चिकटली. एकही पोर न विचारता घरी जाता कामा नये, एवढा एकच ध्यास.

आता माझं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. भिंगं घासणं, फ्रेम बसवणं, नाकावरून घसरणाऱ्या चष्म्यांच्या काड्या वाकवणं. नवरा ट्रक चालवतो, निम्मा महिना रस्त्यावर. मुलगी दहावीला. दुकानात आत एक काळोखी खोली आहे, तिथे डोळे तपासतात. त्या खोलीत बसायचं तर पदवी लागते. वहिनी म्हणाली, "मग घे की पदवी." मी म्हटलं, "स्वतःला चाळिशी लागली, आता कुठे?" तर म्हणाली, "मग काय, चाळिशी लागलेली बाई दुसऱ्यांना चाळिशी लावेल." झालं! मी हसले आणि तिथेच फसले. तिच्याच विद्यापीठात प्रवेश घेतला.

बाकी सगळे विषय निघाले. भिंगं आणि डोळे तर माझ्या हातातलेच. पण संख्याशास्त्र! त्या विषयाने मला रडवलं. दोनदा नापास झाले. नियम असा, की तिसऱ्यांदा नापास झालात तर प्रवेशच रद्द. मग दुकानातली आतली खोली कायमची आतच राहणार होती.

"केंद्रात ये," वहिनी म्हणाली. "पण एक लक्षात ठेव. त्या दारातून आत आलीस की तू माझी कुणी नाहीस. नात्यातलं माणूस सल्ला देत नाही, नुसतं ओरडतं. माझ्या खुर्चीवर तुला बसायला मिळायचं नाही. तुला माझी माणसं सांभाळतील."

आणि सांभाळलं हो, अगदी तळहाताच्या फोडासारखं! केंद्रात वेगवेगळ्या विद्यार्थ्यांचे वेगवेगळे गट आहेत. नोकरी करून शिकणाऱ्यांचा एक, मोठ्या खंडानंतर परत आलेल्यांचा एक, ऐकायला-पाहायला अडचण असलेल्यांचा एक, खेळाडूंचा आणखी वेगळा. प्रत्येक गटाला सल्लागार. मी नोकरी करते. शिक्षण सोडून युगं झाली होती. आणि माझा डावा कान लहानपणापासून अधू. म्हणजे मी एकटी तीन गटांत. वहिनीच्या माणसांना इतका आनंद झाला, की प्रत्येकाने मला आपल्याकडे ओढून घेतलं.

नोकरीवाल्यांच्या सरांना सगळे घड्याळसर म्हणतात. त्यांनी मला वेळेचं नियोजन शिकवलं, रंगीत पेन्सिली देऊन. परत आलेल्यांच्या धीरताई. त्या डोळे मिटून श्वास घ्यायला लावायच्या आणि "मला जमतंय" असं म्हणायला लावायच्या. तिसऱ्या होत्या, त्या कानाच्या मॅडम. त्यांनी वर्गात पहिल्या बाकावर उजव्या कानाची जागा मिळवून दिली, तास ध्वनिमुद्रित करून दिले, आणि ओठ बघून बोलणं ओळखायचा वर्गही सुरू केला. माणसं सोन्यासारखी, एकालाही नाव ठेवायला जागा नाही. पण घड्याळसरांचं संपलं की धीरताईंकडे पळा, तिथून कानाच्या मॅडमकडे, मग दुकान, मग घर. बरं, कुणाला नाही म्हणायची सोय नाही, कारण सगळे वहिनीचे! माझी मुलगी म्हणायची, "जा गं आई, मामीचं नाक कापू नकोस."

परीक्षेआधी केंद्रात सराव परीक्षा झाली. माझा कागद जवळजवळ कोराच गेला. खूप लागलं मला ते. एवढी तीन-तीन माणसं पाठीशी उभी असून येत नसेल तर आपल्या डोक्यातच काही नाही, दुसरं काय? तशीच वहिनीच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "सोडतेय मी. दुकानातलं बाहेरचं काउंटर काय वाईट आहे?"

 वहिनीने दार लावलं आणि चाकांची खुर्ची माझ्यापुढे ढकलली.

"नात्यातल्यांना नाही ना?" मी विचारलं.

"गप बस खाली."

मी बसले. खुर्ची डावीकडे वळली. वहिनी स्टुलावर बसली, खांदे पाडले, तोंड वाकडं केलं. माझी नक्कल तिला फारच छान जमते, मला राग येतो इतकी. "मॅडम," ती म्हणाली, "मला संख्याशास्त्र येत नाही. मी मठ्ठ आहे. आणि कष्ट तर किती करते! सोमवारी घड्याळसरांकडे जाते. मंगळवारी धीरताई. बुधवारी कानाच्या मॅडम. गुरुवारी घड्याळसर मागच्या आठवड्याचा आढावा घेतात. शुक्रवारी धीरताईंचा गट बसतो. शनिवारी ओठांचा वर्ग. आणि मग मी..."

ती थांबली. खांदे सरळ झाले. आवाज तिचा स्वतःचा झाला. "अगं, मग अभ्यास कधी करते मी?"

"मला काय विचारता? विद्यार्थिनी तुम्ही," मी म्हटलं. आणि मग त्या खुर्चीची जादू म्हणा, नाहीतर माझा जन्माचा फटकळपणा म्हणा, तोंडातून निघून गेलं, "बाई, तुम्ही अभ्यास करतच नाही. तुम्ही नुसती मदत घेता."

वहिनीचा चेहरा पडला. मला वाटलं, आता ओरडणार. पण ती उठली, दार उघडलं आणि तिघांनाही आत बोलावलं. त्या खोलीत पाच माणसं मावत नाहीत, घड्याळसर अर्धे दारात होते.

"आपल्यापैकी हिला संख्याशास्त्र कोण शिकवतंय?" वहिनीने विचारलं.

धीरताई म्हणाल्या, "मला वाटलं, सर." सर म्हणाले, "मला वाटलं, कानाच्या मॅडम कुणाकडून तरी करून घेत असतील." कानाच्या मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडे फक्त कान आहे." तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात ते हेच. मला हसूही येत होतं आणि रडूही.

मग घड्याळसरांनी घसा खाकरला. "तसं... माझं एम.एस्सी. संख्याशास्त्रातच झालंय."

"काय?" मी खुर्चीतून उठलेच. "अहो सर! आठवडेच्या आठवडे तुम्ही मला पेन्सिलींनी वेळापत्रकं रंगवायला लावलीत!"

"माझं काम वेळेच्या नियोजनाचं आहे ना," ते बिचारे म्हणाले. "बाकीचं कुणी विचारलंच नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी आणखी बरंच बोलणार होते, पण तेवढ्यात वहिनीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "विचारायचं असतं हे मला माहीत नव्हतं, म्हणून माझं वर्ष गेलं होतं," ती म्हणाली. "आणि माझ्याच केंद्रात, आपण सगळे विचारायचे पगार घेतो, आणि कुणी कुणाला विचारलं नाही. चूक माझी आहे. मी गट केले आणि माणूस मधोमध कापला."

त्या दिवसापासून माझे बाकी सगळे वर्ग बंद. पहिला बाक आणि उजव्या कानाची जागा तेवढी राहिली. धीरताई म्हणाल्या, "श्वास तू भांडी घासताना घे." आणि घड्याळसर मला संख्याशास्त्र शिकवू लागले. काय सांगू, तो माणूस वेगळाच निघाला! माझ्याच दुकानातली गिऱ्हाइकं घेऊन शिकवायचे. कुणाचा नंबर किती, सरासरी कुठे, आणि त्या सरासरीपासून कोण किती लांब भरकटलंय. शिकवताना त्यांना वेळेचं भानच राहायचं नाही. घड्याळसर घड्याळ विसरायचे आणि मीच म्हणायचे, "सर, दुकान!" बाकीच्या वेळी घरी मी आणि मुलगी समोरासमोर बसून अभ्यास करायचो. ती तिचा, मी माझा. तिला माझी गणितं बघून माझी दया यायची.

वहिनीने केंद्रातही फेरफार केले. गट राहिले, पण एका विद्यार्थ्याला एकच सल्लागार, आणि बाकीच्यांना विचारायचं काम त्या सल्लागाराचं, विद्यार्थ्याने वणवण फिरायचं नाही. वरिष्ठ कुरकुरले, की अशाने गटांची हजेरी कमी दिसेल. वहिनी म्हणाली, "दिसू दे. मुलं अभ्यासाला बसली असतील."

परीक्षा दिली. निकाल लागला तेव्हा मी दुकानात एका आजोबांच्या कानामागे काडी बसवत होते. मोबाइल उघडला, एकदा पाहिलं, स्वतःचा चष्मा पुसून परत पाहिलं. पास. काठावर, पण पास! आजोबांना म्हटलं, "घट्ट वाटली तर उद्या या," आणि धूम ठोकली.

केंद्राच्या दाराला काच आहे. आत चाकांच्या खुर्चीवर बसचालकाच्या गणवेशातली एक बाई बसली होती, माझ्याच वयाची, अगदी संकोचून. वहिनी स्टुलावर. मी काचेला मोबाइल टेकवला आणि धापा टाकत उभी राहिले.

खुर्चीवर कुणी बसलेलं असताना वहिनी बाहेरच्यासाठी कधी उठत नाही. त्या दिवशी उठली. दार उघडलं, माझ्या हातातला मोबाइल घेतला, वाचला, आणि तोंडावर हात ठेवून तशीच उभी राहिली. मग वळून त्या बाईला म्हणाली, "दोन मिनिटं हं, माफ करा. माझी विद्यार्थिनी आहे ही. पास झाली."

इतकी वर्षं मी तिची नणंद आहे, पण असं कौतुकाने माझी ओळख तिने कधी करून दिली नव्हती. मी तिथेच, त्या अनोळखी बाईसमोर, भोकाड पसरलं.