प्रसादाची साखर आणि डाव्या पायाचं बोट

मिरचीच्या पथारीवर भर उन्हात अनवाणी चालणारा आमच्या कोरीट गावचा मी एकटाच गडी. पायात जीवच उरला नव्हता, त्यात माझी मर्दुमकी कसली.

हे मला डॉक्टरने सांगितलं. पथारी म्हणजे नंदुरबारच्या बाहेर मोकळ्या जमिनीवर लाल मिरची वाळत घालतात ती जागा. बाकीचे मजूर पायाला चिंध्या गुंडाळून चालायचे आणि मी त्यांना हसायचो. डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला जखम झाली तरी हसतच होतो. शेवटी घरवाली ओढत दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरने चिमट्याने जखमेतून मिरचीचं बी काढलं आणि माझ्या नाकासमोर धरलं.

"जळजळ नाही झाली?"

"नाही ना साहेब," मी छाती फुगवून बोललो.

तो काही हसला नाही. मला डोळे मिटायला लावले आणि तळपायाला एक बारीक दोरा दहा जागी टेकवला. मला दोनच जागी कळला. मग हाताच्या बोटाला सुई टोचून साखर बघितली, ती साडेतीनशे. म्हणाला, "न्यूरोपथी आहे. म्हणजे साखरेने पायाच्या नसा मारल्यात. डायबेटिस तुम्हाला बऱ्याच वर्षांपासून असणार. गोड बंद, गोळ्या चालू, दर आठवड्याला ड्रेसिंग. जखम सुकली नाही तर बोट जाईल. बोटावर थांबलं नाही तर पाऊल."

पाऊल गेलं तर पथारीवर मला कोण ठेवणार? दुसरं काही मला येत नाही. शाळेत मी दुसरीपर्यंतच गेलो, तेही खिचडीसाठी.

ज्यांना हा रोग नवा लागलाय त्यांना एक सांगतो. आठ दिवसांत गोडाची सवय सुटते असं कोणी बोललं तर त्याला दारात उभं करू नका. मला चौथ्या दिवशी असा राग चढला की चुलीत पाणी ओतून आलो. डोकं ठणकत होतं. पथारीवर दिवसाला दहा-बारा कप चहा व्हायचा, तोही असा की चमचा उभा राहील. बिनसाखरेचा चहा पहिल्यांदा प्यालो तेव्हा वाटलं, टोप धुतलेलं पाणी दिलंय. चहावाल्याशी भांडलो. तो म्हणे, "आबा, तुम्हीच त सांगं ना, साखर नको." मग त्याच्यावर जास्तच राग आला, कारण तो खरं बोलत होता.

घरवालीने घरातलं गोड बंद केलं. मग मी देवाला लागलो. सकाळी मारुती, दुपारी महादेव, संध्याकाळी देवी, आणि गुरुवारी आरतीला सगळ्यांच्या पुढे. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. साखरफुटाणे, शिरा, पेढा, जे हातावर पडेल ते. एका हाताने घ्यायचं, तोंडात टाकायचं, दुसऱ्या दाराने परत रांगेत. गावात लोक बोलायला लागले, आबा सुधारला. बायकोलाही बरं वाटलं. देवाला काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही.

ड्रेसिंगच्या दिवशी उपाशीपोटी साखर तपासायचे, म्हणजे रात्रभर काही खायचं नाही आणि सकाळी रक्त द्यायचं. मी काय करायचो, आधीचे तीन दिवस देवळाकडे फिरकायचो नाही आणि कारल्याचा रस प्यायचो. साखर बरी निघायची. डॉक्टर जखमेकडे बघायचा, कागदाकडे बघायचा, परत जखमेकडे बघायचा. मी मनात हसायचो की एवढा शिकलेला माणूस, दुसरी नापासाने फसवला.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आखाजीला पोरी माहेरी येतात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी होते. रेखा आली. माझ्या ताटात भाकर-भाजी बघून तिने आपली रसाची वाटी बाजूला सारली.

"बाबा, तुम्ही खातस नही, त मी बी नही खाव."

मी ओरडलो, "खाय ना गपचूप. मन्हावर उपकार करी ऱ्हायनी का?"

पोर रडायला लागली. मी लगेच बोललो, "बरं, रडू नको माय. तुन्हासाठे मी बी खास." आणि वाटी ओढली. पोरीच्या डोळ्यांतलं पाणी बघून बापाचं काळीज विरघळलं असं समजू नका. मला वाटीच पाहिजे होती, पोरीचं रडणं कामाला आलं. घरवाली नको नको म्हणत होती तरी तीन वाट्या रस खाल्ला, वर चार पोळ्या.

पुढच्या ड्रेसिंगला बोट काळं पडलेलं होतं. डॉक्टरने आधीच एक वेगळी तपासणी लावून ठेवली होती. तिला एचबीएवनसी म्हणतात. त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर एकदम कळते, तीन दिवस कारलं पिऊन ती पुसली जात नाही. माझी अकरा निघाली. सातच्या आत पाहिजे होती.

"कोणाला फसवत होता?" डॉक्टर एवढंच बोलला.

दोन दिवसांनी बोट काढलं. पाऊल वाचलं. वॉर्डात भेटायला आलेले लोक केळी आणि क्रीमची बिस्किटं घेऊन आले. शुगरच्या माणसाला! वर म्हणायचे, "एवढ्याने काय होतं." मी चादर वर करून पाय दाखवायचो. मला त्यांचा राग येतो, पण तो वरवरचा. खरा राग एकाच गोष्टीचा आहे. रेखाला अजून वाटतं की बोट तिच्या रडण्याने गेलं. मी तिला चार वेळा सांगितलं, देवळातल्या साखरफुटाण्यांपासून सगळं सांगितलं. ती म्हणते, तुम्ही मला समजावायला खोटं सांगता. आयुष्यभर खोटं बोललो ते पचलं, आणि एकदा खरं बोलतोय तर पोरीला पटत नाही.

आता रोज आरसा धरून तळपाय बघतो. चपलेशिवाय अंगणातही उतरत नाही. गोड आठवलं की बडीशेप चावतो आणि ज्याच्या त्याच्यावर खेकसतो. तुम्हीही खेकसा, पण खाऊ नका.

परवा तीच तपासणी सातवर आली. दवाखान्याबाहेर बाकड्यावर धडगावचा एक जीपवाला बसला होता, त्याला नवीनच शुगर निघालेली. त्याने विचारलं, कशी सोडली साखर? मी पाय लांब करून सांगायला घेतलं की बाबा, मनाचा निर्धार पाहिजे, जिभेवर ताबा पाहिजे.

घरवाली शेजारी गोळ्यांची पिशवी बांधत होती. मान वर न करता ती जीपवाल्याला बोलली, "निर्धार कसाना भाऊ. साखरना डब्बा मी शेजारीणना घर ठेवेल शे. तठे बी ह्या दोनदा मांगाले ग्यात."