करजगी मॅडमची लवंग

दुपारचं पिठलं-भात अंगावर येतं आहे. पाच वाजता पुण्याहून फोन येणार आहे आणि मला हो की नाही ते सांगायचं आहे, म्हणून मी विचार करायला डोळे मिटून पडले आहे. विचार कसला, चक्क पेंगते आहे. शेजारच्या काकू शेंगाचटणी कुटताहेत. धप, धप. मग ते कुटणं राहत नाही, कुणीतरी कागदांवर शिक्के मारत बसलेलं असतं.

"निजलीस होय गं?"

करजगी मॅडम. सोलापूरच्या कोर्टात मी ज्यांच्या हाताखाली वकिली शिकले, म्हणजे शिकायला गेले, त्या. संक्रांतीनंतर वारल्या. काळा कोट घालून माझ्या पायाशी बसल्या आहेत. मेल्या तरी कपाळावरची आठी काही मोडलेली नाही.

"फोन यायचाय," मी म्हणते. "नोकरीचा."

"कुठली नोकरी?"

मी सांगते. पुण्याला एक कंपनी आहे, काचेच्या इमारतीत. परदेशातले करार वाचायचे आणि चुकलेलं कलम पिवळं करायचं. दुसरी कंपनी इथलीच, कर्जं देणारी. हप्ते थकवणाऱ्यांना नोटिसा पाठवायच्या. मजकूर तयार असतो, मी फक्त नाव घालायचं. बाबा पुण्यावर खूश आहेत, आई इथल्यावर. पूर्ण वेळची नोकरी म्हणून दोन्हीकडे सनद बाजूला ठेवावी लागणार, म्हणजे कोर्टात उभं राहणं बंद. गेले पंधरा दिवस मी दोन्ही कंपन्यांना गोड बोलून 'घरी विचारून सांगते' म्हणते आहे.

"म्हणजे एकीकडं वाचायचं अन् एकीकडं लिफाफे चिकटवायचे," मॅडम म्हणतात. "बोलायचं कुठं?"

"कुठेच नाही."

"मग बरंय की. तसंही तुला कुठं बोलता येतंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हे कोण बोलतंय? जिनं तीन वर्षांत मला एक साक्षीदार तपासू दिला नाही, ती. रोज एकच काम, दुसऱ्या कोर्टात जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, "साहेब, सिनियर दुसऱ्या कोर्टात आहेत, तारीख मिळावी." पोपटानंसुद्धा केलं असतं, आणि पोपटाला कोट शिवावा लागला नसता. युक्तिवादाला जाताना मॅडम स्टीलच्या डबीतून एक लवंग काढून दाढेखाली धरायच्या. मी एकदा हात पुढे केला तर डबी मिटून म्हणाल्या, "लवंग बोलणाऱ्याला. तारीख मागायला घसा लागत नाही."

आम्ही कोर्टात आहोत. न्यायाधीश आमच्याच स्वयंपाकघराच्या ओट्यामागे बसले आहेत, शेजारी पिठल्याची कढई. साक्षीदाराचा पिंजरा काचेचा आहे आणि आत गळ्यात कंपनीच्या ओळखपत्रांचे पट्टे अडकवलेली दोन माणसं माझ्याकडे बघून सारखी हसताहेत. इतकं हसण्यासारखं त्यांच्या कंपनीत काय असतं, देव जाणे. दाराशी पट्टेवाला पुकारा करतो.

"पल्लवी म्हमाणे!"

माझंच नाव. मी इकडेतिकडे बघते. तो पुन्हा ओरडतो. तिसऱ्या पुकाऱ्याला कुणी उभं राहिलं नाही की प्रकरण निकालात निघतं, एवढं तर मलाही माहीत आहे. मी धडपडत उठते आणि तोंडातून आपोआप बाहेर पडतं, "साहेब, सिनियर दुसऱ्या कोर्टात आहेत, तारीख मिळावी."

न्यायाधीश चष्म्यावरून बघतात. "वकीलबाई, तुमच्या सिनियर वारल्या."

"हो साहेब. तरी तारीख मिळावी."

मॅडम हसतात. जिवंतपणी इतक्या मोकळ्या कधी हसल्या नव्हत्या. "मेलेलीच्या नावावर तारीख मागतीस होय गं? लाज कशी वाटत नाही?"

"तुम्ही दुसरं शिकवलं काय?"

"तू मागितलंस कधी?"

"मागितलं होतं! दोनदा म्हटलं, मॅडम, ही केस मी चालवते. दोन्ही वेळा म्हणालात, आधी गळ्यातला बँड नीट बांध."

"मग तिसऱ्यांदा का नाही म्हणालीस?"

मला या बाईचा इतका राग येतो की डोळ्यांत पाणी उभं राहतं. आणि आठवणही येते, हे त्याहून वाईट. त्या कोटाच्या खिशातून डबी काढतात आणि भिकाऱ्याला टाकावी तशी एक लवंग माझ्याकडे टाकतात.

"धर. पिठल्याचा वास मारतोय तोंडाला."

मी लवंग दाढेखाली धरते. जीभ चुरचुरते. काचेतली माणसं हसायची थांबतात.

"बोला," न्यायाधीश म्हणतात.

मी तोंड उघडते आणि फोन वाजतो.

पाच वाजले आहेत. पंखा, खाट, पायाशी कुणी नाही. पण जीभ चुरचुरते आहे. बोट घालून बघते तर दाढेखाली लवंग, अख्खी, टोपीसकट. मसालेभातातली असेल, असं मीही कुणाला म्हटलं असतं. पण आज पिठलं होतं, आणि पिठल्यात लवंग घालणारी बाई अजून जन्माला यायची आहे.

"हॅलो मॅम," पुण्याची मुलगी साखर पेरत म्हणते, "डिसिजन झालं का? की अजून थोडा वेळ देऊ?"

लवंग मी पुन्हा दाढेखाली सरकवते. उठून उभी कधी राहिले ते कळलेलं नाही.

"वेळ नको," मी म्हणते. "मी येत नाही. मी कोर्टात उभी राहणार आहे."

"ओह. कुणाच्या हाताखाली, मॅम?"

"कुणाच्याच नाही."

आवाज जरा मोठाच निघतो. शेजारचं कुटणं थांबतं.