विजेनं उघडलेली दारं

माझे बाबा प्लांटात इलेक्ट्रिशियन होते. त्यांचा थोरला भाऊ तरुणपणीच गावाकडे, शेतातल्या मोटारीचा शॉक लागून गेला. बाबा रिटायर झाल्यावर आम्ही जुनवानी भागात राहायला आलो, तरी त्या धास्तीनं कुणी ओल्या हातानं बटण दाबलं की ते रागावायचे. मी कॉलेजात बायोटेक्नॉलॉजी शिकवते. जिवंत जिवाणूंना आम्ही विजेचा झटका देतो, असं एकदा जेवताना बोलून गेले, तर त्यांचा घास हातातच राहिला.

"कावून? कशापायी?"

"त्यांच्यात बाहेरचा जीन घालाचा असते, बाबा. झटक्यानं पेशीच्या पडद्याले बारीक छिद्रं पडतात. जीन आत जाते, अन् छिद्रं आपोआप बुजतात."

"मरत नाही?"

"काही मरतात. काही जगतात."

सकाळी बाबा म्हणाले, "मले दाखव."

लॅबमध्ये मी बर्फातली छोटी चौकोनी नळी काढली. आत थेंबभर गढूळ पाणी. त्यात जिवाणू आणि जेलीफिशचा चमक आणणारा जीन. नळी मशीनमध्ये ठेवून बटण दाबलं, तर फाट्‌कन ठिणगी उडाली. पाण्यात मीठ राहून गेलं होतं, त्यातून वीज एकदम वाहिली.

"गेले सारे?" बाबांचा चेहरा उतरला होता.

"गेले."

आता ते घरी जातील असं वाटलं. पण ते स्टूल ओढून बसले. मी दुसरे जिवाणू मीठ जावं म्हणून गार पाण्यानं पुन्हा पुन्हा धुतले, जीन मिसळला, बटण दाबलं. या वेळी ठिणगी नाही, मशीननं नुसतं बीप केलं. मग जिवाणूंना कोमट पोषक रसात जरा विसावू दिलं आणि जीन घेतलेलेच वाढतील अशा औषधाच्या प्लेटवर पसरून उबेला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाबा माझ्याआधी तयार होते. अंधाऱ्या खोलीत मी प्लेटवर जांभळा दिवा धरला. ठिपकेच ठिपके, हिरवेगार, आतून उजळलेले.

बाबा कितीतरी वेळ वाकून पाहत राहिले. "हे शॉक खाऊन वाचले?"

"हो. एकेका ठिपक्यात वाचलेल्या एकाचीच लेकरं हायेत, लाखोंनी. तीबी चमकून राहिली."

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "वीज जीव घेते, येवढंच मी पाह्यलं होतं."

दरवर्षी मुलांना हे शिकवताना मी भराभर पुढे जाते. त्या दिवशी मीही त्या ठिपक्यांपाशीच थांबले. पापणी लवायच्या आत पडद्यात उघडलेली ती दारं पुन्हा मिटायची कशी, हे त्या इवल्या जिवांना कुणी शिकवलं असेल?

"थांब," बाबा म्हणाले, "तुह्या आईले घेऊन येतो." आणि ऑटो करून खरंच तिला घेऊन आले.