वर्षालीताईची पुसायची राहिलेली यादी

माझी मावसबहीण वर्षालीताई चाकणच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर टेस्ट रिपोर्ट सांभाळायची. कॉन्ट्रॅक्टवर होती, दिवाळीनंतर परमनंट करणार होते. तिन्ही शिफ्टला एकच कॉम्प्युटर, एकच लॉगिन, आणि कमांडची काळी स्क्रीन कधी बंदच नाही. आपण कुठल्या फोल्डरमध्ये जाऊन आलो त्याची यादी ती स्क्रीन ठेवते. पॉपडी टाईप केलं की शेवटच्या फोल्डरमध्ये परत नेते. पुढच्याचा घोळ नको म्हणून ताई उठताना रोज ती यादी पुसायची.

एक दिवस कंपनीची बस हॉर्नवर हॉर्न मारत होती, ताई तशीच पळाली.

पुढच्या शिफ्टच्या गणराजनं न बघता पॉपडी एकदा जास्तच मारलं, आणि स्क्रीन ताईच्या फोल्डरमध्ये गेली. त्याला वाटलं, आपल्याच कचऱ्याच्या फोल्डरमध्ये आहोत. सगळं डिलीट केलं. ते ताईचे वर्षभराचे रिपोर्ट होते, दुसरी कॉपी नव्हती.

सकाळी साहेब ओरडले, "कोणी केलं?" ताई म्हणाली, "सर, यादी माझी राहिली होती." गणराज खाली बघत बसला, एक शब्द नाही! ताईला त्याच दिवशी काढलं.

मी भांडलेच. "अगं, गप्प बसायचं ना!"

"मग त्याला काढलं असतं."

आता कासारवाडीला आमच्याकडेच असते. कमांड विसरू नयेत म्हणून माझ्या लॅपटॉपवर बसते, आणि उठताना यादी पुसते. काल मी म्हणलं, "ताई, इथं पुढची शिफ्ट कोणाची?"

ती हसली नाही. यादी रिकामी झाली का, परत एकदा बघितलं फक्त.