हात मागे

"हात मागे," असं म्हणून ताई आधी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या आणि समोरच्यानं बांधेपर्यंत तशाच उभ्या राहायच्या.

कळमेश्वरच्या आमच्या मसाल्याच्या कारखान्यात शिरायचं तर गेटवर ताईंच्या टेबलाशी थांबावं लागे. रजिस्टरात नाव, वेळ, कशासाठी आलात, आणि मग ही कवायत. फार पूर्वी कुणा पाहुण्याचं बोट पुड्या चिकटवणाऱ्या गरम पट्टीत सापडलं होतं म्हणे. तेव्हापासून ताईंचं ठरलेलं वाक्य होतं: "पाहा, विचारा, चहा घ्या. हात नाही लावायचा." शेठच्या नव्या जावयालाही त्यांनी सोडलं नाही. तो हसला, पण ताई हसल्या नाहीत. मग बिचाऱ्यानं सासऱ्याचा सगळा कारखाना हात मागे बांधून पाहिला.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. त्याच्या पाठीमागे आपण त्याची नक्कल करतो आणि ते समोर आलं की मुकाट्यानं ऐकतो. मीही ताईंची नक्कल फार छान करायचो.

मी तिथला मेंटेनन्सवाला. हळद भरायचं मशीन माझ्याकडे होतं. ते परदेशातून, इटलीहून आलेलं, आणि भयंकर लहरी. त्यात एकदा हात घातला की नखं आठ दिवस पिवळी राहतात. साबण, रॉकेल, लिंबू, कशानं म्हणून निघत नाहीत. "लग्न एकदाच झालं, हळद मात्र रोज लागून राहिली," असं माझी बायको शेजारणींना सांगते.

ताई नागपूरला सक्करदऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. गल्लीतल्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचा त्यांना नाद होता. समोरच्या घरात एक सून होती, तीही योगायोगानं इटलीचीच. शिकायला गेलेल्या मुलानं तिकडेच लग्न केलं आणि बायकोला घेऊन तो नागपुरात परतला. तिला पाच वर्षांची मुलगी, चिऊ. चिऊच्या इटलीतल्या आजोबांची बायको वारली, तेव्हा जगात त्यांचं असं माणूस म्हणजे ही लेक आणि ही नात, एवढंच उरलं. त्यांना हिवाळ्यात नागपूरला यायचं होतं. त्यांचा पर्यटकांचा ई-व्हिसा ताईंनी लेकीसोबत बसून भरला, आणि भरण्याआधी त्यातली ओळ न् ओळ वाचली.

"फिरा, वाघ पाहा, नातेवाइकाले भेटा, योगा शिका, सगळं चालते," बसमध्ये त्या मला सांगत होत्या. "गावातल्या शाळेत चार दिवस फुकट सेवा केली, तेही एक वेळ चालते. पण कारखान्यात काम नाही. पैसे घेतले नाही तरी काम ते कामच होय."

"मले काहून सांगता ताई? मी कुठं इटलीचा?"

"तुयं मशीन हाय न तिकडचं. अन् म्हाताऱ्यानं चाळीस वर्षं असेच मशीन बसवले. शेठच्या कानावर गेलं त गडबड होईन."

शेठच्या कानावर गेलंच. मशीन तीन दिवसांपासून बंद होतं, मी घामाघूम होऊन त्याच्यापुढे बसलेला, आणि शेठनं आजोबांना चहाला बोलावलं. लेकीनंही भोळेपणानं गाडीत बसवून दिलं.

ताईंनी रजिस्टरात लिहिलं: "हेतू: चहा, मशीन पाहणे." मग त्यांनी हात मागे घेतले. उंच, गोरापान, पांढऱ्या मिशांचा तो म्हातारा क्षणभर गोंधळला आणि मग त्यानंही घेतले. "आत मागे," असं काहीतरी तो म्हणालासुद्धा. त्याचं पहिलं मराठी ते.

आता ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. मशीन उघडं, मी उकिडवा, कोपरापर्यंत पिवळा. म्हातारा दोन हातांच्या अंतरावर उभा, शेजारी ताई. त्याच्या पाठीमागे बोटं नुसती वळवळत होती. तो एक शब्द बोलला नाही, बोलला असता तरी मला कळला नसता. पण त्याची नजर पुन्हा पुन्हा एकाच कोपऱ्यात जात होती. मीही तिथे पाहिलं. खालच्या पट्टीच्या आत एक स्प्रिंग बसली होती, मेलेली. तीन दिवस मी तिच्या वरच खटपट करत होतो. मला स्वतःचा इतका राग आला की पाना फेकावासा वाटला. स्प्रिंग बदलली आणि मशीन गुरगुरलं.

तेवढ्यात गेटवर मिरचीचा ट्रक आला आणि ताईंना जावं लागलं. इथे आमचं चुकलं.

आपल्याकडे पाहुणा दिसला की आपले हात शिवशिवतात. कुणीतरी शाल आणली, कुणी नारळ. "पाहुण्याच्या हस्ते चालू होऊ दे न मशीन!" असं म्हणत शेठनं म्हाताऱ्याचा हात धरून हिरव्या बटनावर ठेवला. टाळ्या पडल्या. "फोटोत हातात काहीतरी पाहिजे," शेठ म्हणाले. आणि मी शहाण्यानं पेटीतला कोरा पाना काढून त्या माणसाच्या हातात दिला. संध्याकाळपर्यंत तो फोटो इंडस्ट्रियल एस्टेटच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरला. खाली शेठनं लिहिलं होतं: "परदेशी इंजिनियरने आमचे मशीन दुरुस्त केले."

परदेशी माणूस लेकीच्या घरी उतरला तरी त्याची नोंद द्यावी लागते; ती ताईंनीच वेळेवर भरली होती. त्यामुळे पत्ता शोधायला कुणाला त्रास पडला नाही. शनिवारी दुपारी लेकीला फोन आला, की सोमवारी अकराला वडिलांना आणि कागदपत्रांना घेऊन पोलिसांच्या परदेशी-नोंद कार्यालयात या. व्हिसा रद्द झाला तर परत जावं लागेल, आणि पुढचा अर्जही मग कठीणच. लेक ताईंच्या दारात येऊन रडली. म्हातारा म्हणे त्या दिवशी नुसता चिऊच्या वेण्या घालत बसला होता. त्याला त्या जमत नव्हत्या.

रविवारी जादा पाळी होती; शेठनं ताईंना आत बोलावलं तेव्हा मी तिथेच होतो.

"ते पान काढून टाका रजिस्टरातलं. आला नाही म्हणा."

"फोटो साऱ्या एस्टेटनं पाहिला, शेठ," ताई शांतपणे म्हणाल्या. "पान फाडलं त म्हातारा खोटा पडन. खोट्या माणसाले दुसऱ्यांदा कोण येऊ देते?"

शेठचा चेहरा उतरला. बाहेर येऊन मला म्हणाले, "तू गप राय. तुयं नाव कुठंच नाही त्यात."

परतीच्या बसमध्ये ताई माझ्या शेजारी येऊन बसल्या. फुटाळ्याचा रस्ता आला. मग विचारलं, "सोमवारी येशीन का गा?" मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. खरं सांगतो, मला नोकरीची भीती वाटत होती. पानाही मी दिला होता, आणि ते ताईंना ठाऊक नव्हतं.

सोमवारी मी गेलो. बायकोनं ढकललं म्हणून गेलो.

कार्यालयाच्या बाकावर म्हातारा हात मांडीवर ठेवून ताठ बसला होता. लेकीनं कागदांची पिशवी इतकी घट्ट धरली होती की ती चुरगळली. आत एक मध्यमवयीन साहेब होते. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच धडकी भरत होती. त्यांनी फोटो आमच्यापुढे धरला.

"दुरुस्त केलं असं लिहिलंय. हातात पाना आहे. पर्यटक म्हणून आलेत ना हे?"

ताईंनी रजिस्टर उघडलं, वेळा दाखवल्या. "ट्रक येईपर्यंत मी सोबत होती साहेब. हात मागे होते त्यांचे. नुसते पाहत होते."

"मग पाना?"

 ताईंना खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता. लेकीचे डोळे माझ्यावर. 

"मी दिला, साहेब," मी म्हणालो. "फोटोसाठी. मशीन मीच दुरुस्त केलं. ते लिहिलं ते खोटं हाय."

"तुम्ही असं म्हणणारच. पुरावा काय?"

तेव्हा ताई मला म्हणाल्या, "हात पुढे कर."

बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. दहाच्या दहा नखं पिवळी जर्द. मग त्या म्हाताऱ्याकडे वळल्या आणि स्वतःचे हात पुढे करून दाखवले. तो घाबरला. ह्याच बाईनं त्याला हात मागे घ्यायला शिकवलं होतं, आणि आता भलतंच काय? ताईंनी 'कर' म्हणून मान हलवली. त्यानं सावकाश हात पुढे करून माझ्या हातांशेजारी ठेवले. सुरकुतलेले, गुलाबी नखांचे स्वच्छ हात.

"आमच्या मशीनमधली हळद आठ दिवस निघत नाही, साहेब," ताई म्हणाल्या. "आज चौथा दिवस हाय. ज्यानं हात घातला त्याचे पाहून घ्या. यांनी बटन दाबलं, लोक फीत कापतात तसं. अन् पाहायची तर मनाई नाही न?"

साहेबांनी फोटो मोठा केला. कोपऱ्यात नारळ धरलेला माझा हात होता, पिवळा. नंतर चारही हात पुन्हा निरखले. मग आमचे जबाब लिहून घेतले, शेठला वेगळं बोलावणं धाडलं, आणि लेकीला म्हणाले, "राहू द्या त्यांना. पण पुन्हा फोटोतसुद्धा काम नको."

जिना उतरल्यावर म्हातारा ताईंच्या पुढे उभा राहिला.  त्यानं हात मागे घेतले आणि वाकून नमस्कार केला. ताईंना रडू आलं, मलाही आलं. मी लपवलं, आता कशाला लपवू?

शेठला त्या कार्यालयात लेखी द्यावं लागलं की फोटोखालचा मजकूर चुकीचा होता. माणूस वाईट नाही, पण ते त्याला पचलं नाही. उन्हाळ्यात गेटवर टॅब आला. पाहुण्यानं स्वतःच नाव भरायचं, बोट लावायचं, झालं. ताईंना "आता आराम करा" सांगितलं. मला काढलं नाही, मशीन माझ्याशिवाय चालत नाही ना! ताईंसाठी मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. एकदा बोलून माझी हिंमत संपली होती. त्यांनी सक्करदऱ्याच्या खोल्या सोडल्या आणि स्वतःच्या लेकीकडे चंद्रपूरला गेल्या. गल्लीत त्यांनी सांगितलं, थोडे दिवस चालली. नोकरी गेल्याचं कुणाला सांगितलं नाही.

या हिवाळ्यात म्हातारा परत आला. ताई घरी दिसल्या नाहीत म्हणून रिक्षा करून थेट कळमेश्वरला. मला गेटवर बोलावलं गेलं तेव्हा तो आपल्या नव्या ई-व्हिसाचा छापील कागद हातात घेऊन उभा होता. ताईंना दाखवायला आणला होता, मुलं गृहपाठ दाखवायला आणतात तसा. "ताई?" त्यानं विचारलं. मी 'नाहीत' म्हणून मान हलवली. दूर गेल्या, एवढंच मला खुणेनं सांगता आलं.

गार्डनं टॅब पुढे सरकवला. "इथं बोट लावा जी."

म्हाताऱ्यानं टॅबकडे पाहिलं, मग ताईंच्या रिकाम्या खुर्चीकडे. कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

"लावा न जी," गार्ड पुन्हा म्हणाला.

तो हलला नाही. मीही त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि माझे पिवळे हात मागे घेतले.