आधी अर्थ, मग चाकू

"आधी अर्थ, मग चाकू," असं म्हणत ते लाकडाचा तुकडा उजेडाकडे तिरका धरत आणि त्याच्या रेषांवरून अंगठा फिरवत. हातात काही असल्याशिवाय ज्यांना नीट बोलता येत नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

सिंगापूरला, यिशुन भागात, ते आणि मी एकाच मजल्यावर राहायचो. ते नागपूरचे, धातूंवर संशोधन करायचे. जर्मनीत शिकताना त्यांना रून अक्षरांचं वेड लागलं. जुन्या जर्मन टोळ्यांची ही लिपी. प्रत्येक अक्षराला नाव, अर्थ आणि लोकसमजुतीनुसार थोडी जादूही. रविवारी ते फळांच्या खोक्यांच्या फळ्यांवर ती कोरत. त्यांत आडवी रेघ नसते, कारण ती लाकडाच्या रेषांत हरवते, हे मला त्यांनीच दाखवलं.

शेजारच्या पुणेकर मॅनेजरने एकदा गळ घातली, "नोकरीचा पास, ईपी, रिन्यू होईल असं काहीतरी कोरा."

त्यांनी धनाचं अक्षर कोरलं. "याचा मूळ अर्थ गुरंढोरं."

"अहो, बाराव्या मजल्यावर गाय कुठे बांधू?"

"म्हणून म्हणतो, आधी अर्थ!"

स्वतः मात्र जादू मानत नसत. "बौद्ध माणूस मी, ताईत कसले वाटतो?" म्हणायचे. तरी अर्थ न सांगता त्यांनी कुणाला अक्षर दिलं नाही. न समजता कोरलेल्या अक्षरांनी आजारी मुलगी आणखी खंगली, अशी एक जुनी कथा ते सांगत आणि सांगताना हसत नसत.

मग तेच आजारी पडले. मी कोरी फळी घेऊन हॉस्पिटलात गेलो. म्हटलं, "रक्षणाचं अक्षर कोरून आणतो."

त्यांनी फळीवरून अंगठा फिरवला. "ते नको. प्रवासाचं कोर."

माझा चेहरा पडला.

"माझा नाही रे," ते हळूच म्हणाले. वहिनी खिडकीपाशी संत्रं सोलत होत्या. "तिचा इथे राहायचा पास माझ्या नोकरीच्या पासवर आहे. मी नसलो की तिला एकटीला परत जावं लागेल. विमानात भिते ती."

"काय कुजबुज चाललीय?" वहिनी म्हणाल्या. "आधी हे खा."

त्यांनी मुकाट्याने एक फोड तोंडात टाकली.

मी कोरत होतो तेव्हाच ते गेले.

चांगी विमानतळावर निरोप देताना मी तो तुकडा वहिनींच्या हाती ठेवला.

"याचा अर्थ काय, भाऊजी?"

"प्रवास. सुखरूप पोहोचावं म्हणून. तुमच्यासाठी त्यांनीच सांगितलं होतं."

आत जाणाऱ्या रांगेत उभ्या राहिल्यावर वहिनींनी तुकडा उजेडाकडे तिरका धरला आणि रेषांवरून अंगठा फिरवला.